रेझिन चिकट का राहतं, तडकतं का, मऊ का पडतं? एफआरपी आणि इपॉक्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा संपत आला की मेसेज यायला लागतात ते गणपतीपर्यंत थांबत नाहीत. मूर्तीचे साचे करणारे, होडी दुरुस्त करणारे, गच्चीवरच्या टाकीला पॅच मारणारे, घरी इपॉक्सीचं टेबल करायला घेतलेले आणि मधूनच डिप्लोमाचे विद्यार्थी. प्रश्न वेगवेगळे दिसतात पण मुळाशी गोष्ट एकच आहे. लोखंड, लाकूड तुम्ही तयार आणता, रेझिन तसं नसतं. रेझिनचा डबा म्हणजे अर्धवट बनलेलं पॉलिमर (रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ), उरलेलं अर्धं तुम्ही स्वतः मगात बनवता, आणि कारखान्यातला केमिस्ट जे प्रमाण, तापमान, वेळ, हवा दिवसभर सांभाळतो ते सगळं त्या वीस मिनिटांत तुमच्या हातात असतं. त्यामुळे "रेझिन खराब निघालं" असं म्हणायच्या आधी खालचं एकदा वाचा.

खाली "पोलिस्टर रेझिन" म्हणजे फायबरच्या (एफआरपीच्या, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन मिळून होणाऱ्या मालाच्या) कामाचं, कोबाल्ट आणि हार्डनरवालं. "इपॉक्सी" म्हणजे दोन भागांचं, रेझिन आणि त्याचा स्वतःचा हार्डनर. दोघांचे नियम वेगळे आहेत आणि निम्मे घोटाळे एकाचा नियम दुसऱ्याला लावल्यानेच होतात.

१. रेझिन सुकतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं का?

नाही. रंग सुकतो तेव्हा थिनर उडतं, रेझिन सुकत नाही, ते जुळतं. पोलिस्टर रेझिनमध्ये साधारण ३० ते ४५ टक्के स्टायरीन असतं, तोच तो नाकात जाणारा वास, आणि ते स्टायरीन उडून जायला ठेवलेलं नसतं तर पोलिस्टरच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधायला ठेवलेलं असतं. बांधणी झाली की सगळ्याचं मिळून एकच मोठं जाळं होतं, म्हणून ते परत वितळत नाही, वजन जवळजवळ तेवढंच राहतं आणि आकार मात्र ५ ते ८ टक्के आक्रसतो. जाळं किती दाट झालं यावर कडकपणा, पाणी पिणं, उष्णता सोसणं सगळं ठरतं. पुढचे बहुतेक प्रश्न हे जाळं अर्धवट का राहतं याचेच आहेत.

२. साडी पोलिस्टरची, बाटली पोलिस्टरची आणि आमचं रेझिनपण पोलिस्टर, हे सगळं एकच आहे का?

घराणं एक, पण स्वभाव वेगळे. साडीतलं आणि पाण्याच्या बाटलीतलं पोलिस्टर म्हणजे पेट (PET), त्याच्या साखळ्या सुट्या असतात, तापवलं की वितळतं, परत ओढता येतं. त्यातही धाग्याचं पेट आणि बाटलीचं पेट सारखं नसतं. बाटलीसाठी साखळ्या जास्त लांब लागतात, म्हणून तयार झालेले दाणे न वितळवता तापवत ठेवून साखळ्या आणखी वाढवतात. केमिकल तेच, शेवटची काही तासांची भट्टी वेगळी. आपल्या रेझिनमध्ये मात्र साखळीत मुद्दाम अर्धवट जोड सोडलेले असतात, स्टायरीनला पकडायला. ते एकदा पकडले की परतीचा रस्ता नाही, म्हणून तुटलेली एफआरपी खुर्ची वितळवून नवी करता येत नाही.

३. सर, कॉलेजात शिकवतात की सिंथेसिस कंडिशनवर प्रॉपर्टी ठरते. एखादं ठळक उदाहरण सांगाल का?

म्हणजे पदार्थ कसा बनवला यावर त्याचे गुण ठरतात. दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही गाजलेली.

पहिलं बेकेलाइट. लिओ बेकलंड हा बेल्जियममध्ये जन्मलेला केमिस्ट, अमेरिकेत काम करायचा. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केले की घट्ट राळ होते हे आधीच्या लोकांनाही माहीत होतं पण ती फसफसायची, भोकं पडायची, काही उपयोग नव्हता. बेकलंडने १९०७ च्या सुमारास उष्णतेबरोबर दाब वापरला, त्यामुळे आतली वाफ फुगायची थांबली आणि घट्ट, भरीव माल मिळाला. शिवाय त्याच दोन केमिकलना अ‍ॅसिड घालून फिनॉल जास्त ठेवलं तर नोव्होलॅक मिळतं, जे नुसतं तापवून कडक होत नाही, त्याला वेगळा हार्डनर द्यावा लागतो. तेच अल्कली घालून फॉर्मल्डिहाइड जास्त ठेवलं तर रेसोल मिळतं, ते तापवलं की आपलं आपण कडक होतं. आपल्या जुन्या घरांतले काळे स्विच आणि कुकरची काळी हँडलं याच कुळातली.

दुसरं पॉलिथिन. १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत इथिलीन गॅस हजार वातावरणांपेक्षा जास्त दाबाखाली तापवताना पांढरा मेणासारखा पदार्थ मिळाला. एवढ्या दाबात आणि उष्णतेत साखळीला वेड्यावाकड्या फांद्या फुटतात, फांद्या असल्या की साखळ्या शेजारीशेजारी नीट बसत नाहीत, म्हणून माल मऊ आणि लवचिक, घनता साधारण ०.९२. मग १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लरने टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा कॅटॅलिस्ट (क्रिया घडवून आणणारं द्रव्य) वापरून तोच गॅस साध्या दाबात जोडला, साखळी सरळ आली, घनता ०.९५ च्या आसपास, माल कडक. दुधाची पिशवी पहिल्या प्रकारच्या मऊ पॉलिथिनची, पाण्याचा कॅन दुसऱ्या प्रकारचा. गॅस एकच. झीग्लर आणि इटलीचे जुलिओ नाट्टा यांना १९६३ चं नोबेल मिळालं ते याच कामाला, आणि मला तरी ते अगदी योग्य वाटतं, आज घरात नजर टाकाल तिथे त्यांचं काम दिसतं.

४. ऑर्थो घेऊ की आयसो? दुकानदार म्हणतो दोन्ही सारखंच.

सारखं नाही. ऑर्थो रेझिन थॅलिक अनहायड्राइडपासून बनतं, आयसो हे आयसोथॅलिक अ‍ॅसिडपासून. आयसोमध्ये साखळ्या जास्त लांब बनवता येतात, म्हणून ते पाण्याला, सौम्य केमिकलला आणि उष्णतेला जास्त टिकतं. शोपीस, पत्रा, साच्याचा बाहेरचा आधार याला ऑर्थो पुरे. होडीचं बाहेरचं जेलकोट (रेझिनचा वरचा गुळगुळीत थर), कायम पाणी भरलेली टाकी याला आयसो घ्या, फरकाचे पैसे वाचवू नका.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे जी डब्यावर लिहिलेली नसते. रेझिन कारखान्यात साधारण २०० अंशांवर शिजतं, आणि त्या उष्णतेत साखळीतल्या त्या अर्धवट जोडांचं मॅलिएट प्रकारातून फ्युमरेट प्रकारात रूपांतर होतं. स्टायरीनला फ्युमरेट पकडायला सोपं जातं. शिजवणी घाईत किंवा कमी तापमानावर उरकली तर हे रूपांतर अपुरं राहतं आणि मग तुम्ही कितीही काळजी घ्या, जाळं विरळच होतं. स्वस्त, लेबल नसलेल्या रेझिनमध्ये नेमकं हेच कळत नाही. म्हणून मी बॅच नंबर नसलेला डबा घेत नाही.

५. पोलिस्टर रेझिनला हार्डनर किती टाकायचा? कारागीर तर अंदाजाने झाकणभर टाकतात.

साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात १ च्या जवळ, थंडीत २ च्या जवळ. झाकण हे माप नाही, १० मिलीची सिरिंज घ्या, स्वस्त मिळते.

हा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, विरजणासारखा आहे असं समजा. तो जाळ्याचा भाग होत नाही, तो फक्त सुरुवात करून देतो. विरजण जास्त झालं की दही लवकर लागतं पण आंबट होतं, तसं हार्डनर जास्त झाला की एकाच वेळी खूप ठिकाणी साखळ्या सुरू होतात, प्रत्येक आखूड राहते, गरमी एकदम येते, आणि एमईकेपी ज्या तेलकट पदार्थात पातळ केलेलं असतं तो पदार्थ मालात अडकून त्याला मऊ करतो. कमी झालं तर उलटं. रेझिनमध्ये साठवणीसाठी थोडं इनहिबिटर (जोडणी रोखून धरणारं द्रव्य) घातलेलं असतं, ते हार्डनरचा पहिला हप्ता गिळतं, आणि १ टक्क्याच्या खाली गेलात तर जेल होतं (जेलीसारखं जमतं) पण पुढचं काम पूर्ण होत नाही. वरून कडक लागतं, आत कच्चं, आणि असा माल दोन वर्षांनी पाण्यात फोड धरतो.

उन्हाळ्यात वेळ कमी पडतोय म्हणून हार्डनर अर्धा टक्का करणारे खूप लोक भेटले. तसं करू नका. वेळ हवा असेल तर कोबाल्ट कमी करा, प्रश्न ६ बघा, किंवा सकाळी सातला काम सुरू करा.

६. कोबाल्टचं काम काय, आणि कोबाल्ट-हार्डनर आधीच एकत्र करून ठेवलं तर वेळ वाचेल ना?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही, कधीच नाही. ते दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट घोटायचं, मगच हार्डनर टाकायचा. दोघांची सिरिंज वेगळी, बाटल्या वेगळ्या फळीवर. हार्डनर अ‍ॅसिटोनमध्ये पातळ करायचा नाही, हार्डनर सांडलेली चिंधी भुशात टाकायची नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच, त्याच सेकंदाला, वाहत्या पाण्याखाली डोळा धरा, पंधरा मिनिटं तरी, मग डॉक्टर. यात कायमचं आंधळेपण येऊ शकतं. चष्मा घातल्याशिवाय ती बाटली उघडू नका, मी हे प्रत्येकाला सांगतो आणि पुढेही सांगत राहणार.

आता काम काय. एमईकेपी एरवी फुटायला चांगली उष्णता मागतं, कोबाल्ट त्याला साध्या तापमानात फोडतं. ६ टक्केवालं कोबाल्ट साधारण ०.१ ते ०.५ टक्के लागतं. बरीच रेझिन्स आधीच कोबाल्ट घालून येतात, ती गुलाबी-जांभळट दिसतात, त्यात परत कोबाल्ट ओतू नका. जास्त कोबाल्टने माल हिरवट-तपकिरी होतो आणि ठिसूळ होतो.

७. तेच रेझिन, तेच प्रमाण, जानेवारीत तासभर लागला आणि मे महिन्यात मगातच जमलं. असं कसं?

तापमान. ढोबळ हिशेब असा की १० अंश वाढले की वेग दुपटीच्या आसपास जातो. महाबळेश्वरची १५ अंशांची सकाळ आणि नागपूरची ४२ ची दुपार यात फरक दोन-अडीच पटींचा नाही, पाच-सहा पटींचा होतो. आणि हवेचंच नाही, डब्याचं, साच्याचं, मॅटचंसुद्धा (काचेच्या तंतूंची चादर) तापमान धरा. रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये थंड पडलेला साचा सकाळी दहाला हवा गरम झाली तरी थंडच असतो.

थंडीत नुसता वेळ जास्त लागतो असं नाही. १५ अंशांच्या खाली जाळं बांधायची क्रिया मध्येच थांबते आणि नंतर ऊन आलं तरी ती सगळी भरून निघत नाही, कारण हार्डनर तोवर वाया गेलेला असतो. थंडीत रेझिनचा डबा कोमट पाण्यात बसवून २५ अंशांवर आणा, साच्यामागे बल्ब लावा. गॅस किंवा स्टोव्हवर गरम करू नका, स्टायरीन पेट घेतं.

८. मगातून धूर आला आणि मगसुद्धा वितळला. आणि एकदा जाड पेपरवेट ओतला तो मधून तडकला. काय चुकलं?

दोन्हीचं कारण एकच, जोडणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तिला जायला जागा मिळाली नाही. पातळ थरात ती साच्यात, हवेत निघून जाते. मगात एक किलो एका ठिकाणी असतं, आतलं तापतं, तापलं की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापतं. जाड ढेकळात तापमान १५० अंशांच्या वर सहज जातं आणि स्टायरीन १४५ च्या आसपास उकळतं, मग आत बुडबुडे. वर ५ ते ८ टक्के आक्रसणं आहेच, आतला भाग गरम, बाहेरचा थंड, दोघं वेगवेगळे आक्रसतात आणि तडा जातो.

त्यामुळे पोलिस्टरमध्ये जाड ओतकाम असेल तर हार्डनर आणि कोबाल्ट दोन्ही खालच्या टोकाला, थर थर ओतायचं, प्रत्येक थर जेल होऊन गार होत आला की पुढचा. चॉक पावडर किंवा सिलिका टाकली तर ती उष्णता शोषते आणि आक्रसणंही कमी होतं, पण पावडर कोरडी हवी. इपॉक्सी कमी आक्रसतं पण गरम तेही होतं, म्हणून टेबलासाठी जाड थराचं वेगळं, सावकाश इपॉक्सी मिळतं. पातळ कोटिंगचं इपॉक्सी दोन इंच ओतलं तर ते पिवळं पडणार, तडकणार.

रेझिनचा मग गरम व्हायला लागलाच तर हातात धरून बसू नका, बाहेर नेऊन पसरट ट्रेमध्ये ओता. पसरलं की थंड होतं.

९. दोन दिवस झाले, आतून दगड झालाय पण वरचा थर चिकटच. हार्डनर वाढवू का?

हार्डनर वाढवून हे जात नाही. याला कारण हवेतला ऑक्सिजन. हार्डनर फुटून तयार होणाऱ्या, जोडणी करणाऱ्या तुकड्यांना म्हणजे रॅडिकलना ऑक्सिजन आधी पकडतो आणि त्यांना निकामी करतो, म्हणून हवेला लागलेला पातळ थर कच्चा राहतो. साच्याला चिकटलेली बाजू चकाचक आणि उघडी बाजू चिकट, हे दिसलं की समजायचं ऑक्सिजन. थरावर थर द्यायचे असतील तर हा चिकटपणा चांगलाच, पुढचा थर त्यालाच धरतो. शेवटच्या थराला मात्र स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण थोडं घाला, जेल होताना मेण वर येऊन झाकण धरतं. किंवा पारदर्शक पोलिस्टर फिल्म दाबून बसवा. आधीच चिकट राहिलेलं असेल तर अ‍ॅसिटोनने पुसा, घासा, आणि मेणवाला एक पातळ हात द्या.

दोन सूचना. मेण घातलेल्या थरावर परत फायबर लावायचं असेल तर आधी पॉलिश पेपरने मेण काढा, नाहीतर सहा महिन्यांत थर सुटतो. आणि कडक उन्हात मेण वर येतच नाही, कारण पृष्ठभाग इतका तापतो की मेण विरघळलेलंच राहतं. शिवाय ऊन आणि पंखा दोन्ही वरचं स्टायरीन जेल होण्याआधीच उडवतात, मग तिथे साखळ्या आहेत पण बांधायला दोरीच नाही. सावलीत काम करा.

चिकटपणा फक्त वर नसून आतपर्यंत मऊ असेल तर हे उत्तर लागू नाही, प्रश्न ५, ७ आणि १० बघा.

१०. पावसाळ्यात कोकणात फायबरचं काम करायचं की नाही?

माझं मत, होडीच्या तळाचं काम करू नका, बाकीचं जपून करा. पाणी कोबाल्टला अर्धवट निकामी करतं आणि मॅटच्या तंतूंवर दमट थर असला की रेझिन काचेला धरत नाही, लॅमिनेट (मॅट आणि रेझिन मिळून झालेला थर) पांढुरकं दिसतं. हा पांढुरकेपणा म्हणजे सूक्ष्म फटी. समुद्रात उतरल्यावर पाणी त्यातून आत जातं, आत कच्च्या रेझिनमधले विरघळणारे पदार्थ त्याला आणखी ओढून घेतात आणि जेलकोटखाली आंबट वासाचे फोड येतात.

करायचंच असेल तर मॅटचा रोल आदल्या रात्री बंद खोलीत बल्बखाली ठेवा, चॉक पावडर तव्यावर परतून घ्या, साचा हवेपेक्षा थोडा गरम ठेवा म्हणजे त्यावर दव धरत नाही, आणि पाऊस कोसळत असताना दार उघडून जेलकोट मारू नका.

११. रेझिन घट्ट वाटतं म्हणून थिनर टाकलं तर चालेल?

थिनर आणि अ‍ॅसिटोन अजिबात नाही. ते जाळ्यात अडकतं, नंतर हळूहळू उडतं आणि मागे पोकळ, आक्रसलेला माल ठेवतं. स्टायरीन चालतं पण ५ टक्क्यांच्या आत ठेवा, कारण स्टायरीन जास्त झालं की साखळ्यांच्या मधे लांबलांब स्टायरीनचे तुकडे येतात, माल ठिसूळ होतो आणि जास्त आक्रसतो. बऱ्याचदा रेझिन घट्ट नसतं, थंड असतं. आधी कोमट करून बघा.

१२. इपॉक्सीला हार्डनर थोडा जास्त टाकला तर लवकर आणि जास्त कडक होईल ना?

होणार नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. पोलिस्टरचा हार्डनर विरजण आहे, इपॉक्सीचा हार्डनर निम्मा शर्ट आहे. एका बाजूला बटणं, दुसऱ्या बाजूला काजं. बटणं जास्त शिवली म्हणून शर्ट घट्ट बसत नाही, जास्तीची बटणं नुसती लोंबकळतात. जास्तीचं अमाईन (इपॉक्सीच्या हार्डनरमधलं केमिकल) तसंच लोंबकळतं, जाळं विरळ होतं, पाणी पितं, उष्णतेत मऊ पडतं.

हिशेब दाखवतो म्हणजे पटेल. नेहमीच्या द्रव इपॉक्सीचं इपॉक्सी इक्विव्हॅलंट वजन १९० च्या आसपास असतं, म्हणजे १९० ग्रॅममध्ये एक मोल काजं. टेटा नावाच्या अमाईन हार्डनरचं रेणूभार १४६ आणि त्यात सहा हायड्रोजन कामाचे, म्हणजे एका बटणामागे साधारण २४ ग्रॅम. २४ ला १९० ने भागा, शंभराने गुणा, १०० ग्रॅम रेझिनला साधारण १३ ग्रॅम हार्डनर. दुसऱ्या हार्डनरला हाच आकडा ५० येईल किंवा १०० येईल, म्हणून एका कंपनीचं प्रमाण दुसऱ्याला लावायचं नाही. आणि डब्यावर प्रमाण वजनात आहे की मापात ते नीट वाचा, दोन्ही भागांची घनता वेगळी असते. ०.१ ग्रॅमचा काटा घ्या.

लवकर हवं असेल तर जलद हार्डनर वेगळा मिळतो, प्रमाण वाढवणं हा मार्ग नाही. आणि ढवळताना मगाच्या कडा, तळ खरवडा, मग दुसऱ्या स्वच्छ मगात ओतून परत ढवळा. न ढवळलेला कोपरा म्हणजे तिथे नुसती काजं किंवा नुसती बटणं, तो भाग कायम चिकट.

१३. प्रमाण अगदी बरोबर घेतलं, महिना झाला, तरी टेबलावर गरम चहाचा कप ठेवला की गोल उमटतो. का?

कारण जाळं बांधता बांधता स्वतःच गोठलं. सुरुवातीला रेणू मोकळे फिरतात आणि एकमेकांना शोधतात. जाळं दाट होत जातं तसं ते ज्या तापमानाला मऊ पडतं ते तापमानही वर चढतं, त्याला टीजी म्हणतात. हा टीजी खोलीच्या तापमानाच्या थोडा वर गेला की सगळं काचेसारखं गोठतं, रेणूंना हलताच येत नाही, आणि उरलेली बटणं-काजं समोरासमोर असून जुळत नाहीत. म्हणून ३० अंशांच्या खोलीत जमलेल्या इपॉक्सीचा टीजी बहुधा ५०-६० च्या घरात अडकतो, मग महिना जाऊ दे नाहीतर वर्ष. चहाचा कप त्याच्या वरचा असतो, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्डसुद्धा.

उपाय म्हणजे पोस्ट-क्युअर, म्हणजे जमलेला माल तापवून उरलेली जोडणी पूर्ण करणं, पुढचा प्रश्न बघा. पण काही टेबलांची इपॉक्सी मुळातच मऊ घडणीची असते, तिला कितीही तापवलं तरी टीजी फार वर जात नाही, त्यामुळे घेतानाच डेटाशीट मागा. चहाच्या टेबलाला बशी किंवा कोस्टर लागणारच.

१४. पोस्ट-क्युअर घरच्या घरी कसं करायचं?

आधी २४ तास साध्या तापमानात राहू द्या. मग बंद पेटी करा, आत बल्ब किंवा हीटर, थर्मामीटर लावलेला, आणि टप्प्याटप्प्याने चढा, ४० वर काही तास, मग ६०, मग जमलं तर ८०. एकदम ८० ला नेलं तर वस्तू स्वतःच्या त्या वेळच्या टीजीच्या वर जाते आणि वाकते. साच्यातच ठेवून तापवलं तर उत्तम. पोलिस्टर लॅमिनेटला ८० वर ३ तास किंवा ४० वर १६ तास असा हिशेब सर्रास वापरतात. उतरवतानाही सावकाश.

स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. त्यात नंतर अन्न जाणार आहे.

१५. इपॉक्सीवर तेलकट पांढरा थर आला, आणि थंडीत डब्यातलं रेझिन तुपासारखं जमलं. दोन्ही फेकू का?

दोन्ही वाचतात. तेलकट थर म्हणजे अमाईन हार्डनरने दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प पकडल्याची खूण. कोमट पाणी आणि स्क्रबरने धुवा, वाळवा, मग घासा. न धुता नुसतं घासलं तर तो थर आत दाबला जातो आणि पुढचा हात सुटतो. जमलेलं रेझिन म्हणजे नुसते स्फटिक, थंडीतल्या रवाळ मधासारखे. ५०-६० अंशांच्या पाण्यात डबा बसवा, शेवटचा कण विरघळेपर्यंत ढवळा, गार झाल्यावरच वापरा. एक कण उरला तर परत जमेल.

१६. थर्मोकोलच्या साच्यावर रेझिन लावलं आणि साचाच विरघळला!

पोलिस्टरमधलं स्टायरीन थर्मोकोल खातं, कारण थर्मोकोल स्टायरीनचंच पॉलिमर आहे. थर्मोकोलवर इपॉक्सी वापरा, किंवा आधी पीओपी अथवा प्लास्टिक इमल्शनने पूर्ण झाका.

१७. बाकी सगळं कडक झालं, पण शिसवीच्या फळीवर लावलेलं रेझिन महिनाभर ओलंच आहे.

हे फार लोकांना माहीत नसतं आणि उगाच रेझिनवाल्याशी भांडण होतं. शिसवी आणि सागवानात लाकडाची स्वतःची द्रव्यं असतात जी रॅडिकलना निकामी करतात, प्रश्न ९ मधल्या ऑक्सिजनसारखंच काम, फक्त खालून. तांबं, पितळ, काही रबरं आणि काळा कार्बन रंगसुद्धा पोलिस्टरला अडवतात. लाकडाला आधी इपॉक्सीचा पातळ हात द्या, तो वेगळ्या पद्धतीने जुळतो म्हणून त्याला याचा त्रास नाही. काळा रंग हवा असेल तर पोलिस्टरसाठीच बनवलेली पेस्ट घ्या.

१८. सिलिकॉन रबरचा साचा करतोय, पावसाळ्यात तेही बिघडतं का?

स्वस्तातलं टिन-क्युअर (टिनच्या कॅटॅलिस्टने जमणारं) सिलिकॉन उलटं वागतं, त्याला जमायला हवेतली ओल लागते, त्यामुळे पावसाळ्यात ते जास्त भरभर जमतं आणि कोरड्या उन्हाळ्यात रेंगाळतं. ते पुढे थोडं आक्रसतंही, मूर्तीच्या दागिन्यांची बारीक माळ वर्षभराने जरा लहान येते ती त्यामुळे. प्लॅटिनम-क्युअर जवळजवळ आक्रसत नाही पण ते नाजूक, गंधक असलेली क्ले, लॅटेक्सचे हातमोजे, किंवा आधी टिनवालं सिलिकॉन ढवळलेली काठी लागली तरी त्या जागी जमत नाही. एका कारागिराची तीन किलोची ओत गंधकवाल्या क्लेमुळे वाया गेली होती, पृष्ठभागावर कायमचा चिकट थर राहिला. नेहमी बोटभर जागेवर आधी करून बघा.

१९. पूर्ण क्युअर झालं हे ओळखायचं कसं? पिण्याच्या पाण्याची टाकी आहे.

साधी चाचणी म्हणजे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट धरा, पृष्ठभाग चिकट झाला तर कच्चं. मेण घातलं असेल तर आधी घासून मग करा, नाहीतर मेण फसवतं. बार्कोल नावाचं कडकपणा मोजायचं यंत्र मिळालं तर पोलिस्टर लॅमिनेटला ३५-४० च्या वर आकडा हवा. नाक हेही साधन आहे, बंद टाकीत दोन दिवसांनी झाकण उघडल्यावर स्टायरीनचा झणका आला म्हणजे मोकळं स्टायरीन शिल्लक आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी मात्र एवढ्यावर थांबू नका. त्यासाठीच प्रमाणित केलेलं रेझिन, पूर्ण पोस्ट-क्युअर, मग वाफेने किंवा गरम पाण्याने धुलाई आणि पहिलं पाणी फेकणं, यातलं काही जमणार नसेल तर तयार प्रमाणित टाकी घ्या. घरातली लहान मुलं ते पाणी पिणार आहेत.

२०. अर्धा ड्रम न वापरता जेली झाला, हार्डनर तर टाकलाच नव्हता.

पोलिस्टर रेझिन स्वतःहूनही हळूहळू जुळतं, इनहिबिटर त्याला अडवत असतं. सावलीत, २५ अंशांच्या आत, साधारण सहा महिने धरा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हे कमी होतं. आणि इनहिबिटरला काम करायला रेझिनमध्ये विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो, तोच ऑक्सिजन जो वरचा थर चिकट ठेवतो. म्हणून ड्रम काठोकाठ भरून ठेवू नका, थोडी हवा राहू द्या, अधूनमधून गडगडवा. ड्रम हाताला गरम लागत असेल तर आत जोडणी सुरू झाली आहे, उघड्यावर, माणसांपासून दूर न्या आणि बाहेरून पाणी मारत थंड करा. जेली झालेलं स्टायरीन टाकून परत पातळ होत नाही, जाळं तयार झालंय. डब्यावर आणल्याची तारीख मार्करने लिहा, जुना आधी वापरा.